ओनेझिमचा सरडा आणि जाळीचं भोक

"जाळी बसव, नाहीतर मी ताईकडे राहायला निघाले!"

हे माझी धाकटी बहीण झुल्मे तिच्या नवऱ्याला म्हणाली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी कुंपणाच्या अलीकडे भेंडी तोडत होते. ताई म्हणजे मीच. मला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"बसवतो. पण मग तो आत कसा येणार?" ओनेझिम म्हणाला.

"तो कोण?"

"तो गं."

तो म्हणजे सरडा! वीतभर, हिरवागार, ओसरीच्या कठड्यावर बसून गळ्याखालचा गुलाबी पंखा उघडायचा आणि जोर काढायचा. मादीला दाखवायला. तो दिमाख बघत माझा मेहुणा अख्खी सकाळ घालवायचा.

धंदा काय, तर कोळंबीवाल्यांची फाटकी जाळी सांधायची. गावभरची भोकं बुजवणारा हा, बायकोला डासांसाठी जाळी बसवताना याचे हात जड. झुल्मेचे पाय सुजलेले, पायऱ्या उतरणं बंद. तिचं सगळं बाहेरचं जग म्हणजे ती ओसरी. आणि आमच्या बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, काठावर दिवस मावळला की डास माणसाला उचलून नेतात. जाळी नाही तर झुल्मे घरात कोंडलेली, एवढी साधी गोष्ट.

सरड्यांमधलं आपल्याला फार कळतं, असा ओनेझिमचा समज. तरुणपणी जत्रेतून एक आणला, बरणीत ठेवला, साखरपाण्याची वाटी भरून दिली. वाटी भरलेली राहिली आणि सरडा तहानेनं मेला. तो पानावरचे थेंब चाटतो, वाटीतलं पाणी त्याला पाणीच वाटत नाही. शिवाय ज्याच्यावर बसेल त्याचा रंग घेतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. ओनेझिमनं एकदा त्याला झुल्मेच्या लाल एप्रनवर ठेवून दुपारभर वाट पाहिली. सरडा काही लाल झाला नाही. "आज त्याचं लक्ष नाही," म्हणे.

शेवटी ओसरीला जाळी बसली. सरड्याला आतच ठेवून. "तुला सोबत," असं वर झुल्मेला ऐकवलं. ओनेझिम त्याच्यासाठी माशा पकडून आणायचा, वेलाच्या कुंडीवर पाणी शिंपडायचा. सरडा दुसऱ्या दिवशी मातकट झाला तो झालाच. खाईना, पंखा उघडेना.

"लाकडाचा रंग घेतलाय त्यानं," ओनेझिम म्हणाला, आणि अख्खा कठडा हिरवा रंगवून काढला! बायकोच्या घेवड्याला पाणी घालायला ज्याला कधी वेळ मिळाला नाही, त्यानं दोन हात दिले रंगाचे. हिरव्यागार कठड्यावर मातकट सरडा. मी पोट धरून हसले.

झुल्मे हसली नाही.

"अरे मेल्या, त्याला कोंडलंयस म्हणून तो काळवंडलाय. मी घरात होते तेव्हा माझं तोंड कसं दिसत होतं, आठवतंय?"

"अगं, पण भोक पाडलं तर डास येतील."

"येऊ देत. तू वारा घाल."

मग त्यानं कात्री घेतली आणि कोपऱ्यात, वेलाजवळ, चार बोटं भोक कापलं. सरडा बाहेर अंजिराच्या झाडावर गेला, उन्हात बसला, बघता बघता हिरवा झाला आणि पंखा उघडून जोर काढू लागला. ओनेझिम मला म्हणाला, "बघितलंत ताई? अंजिराचा रंग घेतला."



त्यानंतर रोज संध्याकाळी झुल्मे खुर्चीत आणि हा शेजारी, ताडाच्या पानाचा पंखा हलवत. हात दुखला की हात बदलायचा. पंखा कधी थांबला नाही. गाव हसायचं, मीही हसायचे. तो सरडा गेला, दुसरा आला, मग तिसरा. ओनेझिमला सगळे एकच.

परवा सकाळीही मी कुंपणापाशी होते. पत्र्याचा मग घेऊन तो बाहेर आला, भोकाजवळच्या वेलावर बोटांनी पाणी शिंपडलं, जाळीची वळलेली कड सरळ केली.

"घेवड्याला पण घाल रे!" झुल्मे आतून ओरडली.

"घालतो, घालतो," म्हणाला आणि रिकामा मग कठड्यावर ठेवून खुर्चीत टेकला. टेकला तो टेकलाच, कठड्यावरच्या सरड्याकडे बघत. घेवडा कोरडा.