पूर्ण नाव, पूर्ण पत्ता

"इसको खाने के सामान से दूर रखो."

साहेब हे माझ्या आईबद्दल बोलला. आईनं बनवलेल्या चटणीचं पाकीट तेव्हा त्याच्याच हातात होतं.

महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडच्या सौसरच्या बाजारातलं दुकान. दुपार. दुकानाचे मालक काकाजी. माझे कोणी नात्यातले नव्हेत, अख्खा बाजार त्यांना काकाजी म्हणतो. साहेब खाण्याच्या वस्तू तपासायला आला होता. त्यानं जवसाच्या चटणीचं पाकीट उचललं, पालथं करून लेबल वाचलं, मग दुकानभर नजर फिरवली. लेबलावर बनवणाऱ्याचं नाव काकाजींचं. पत्ता या दुकानाचा. आणि दुकानात ना चूल, ना उखळ.

"बनती कहाँ है ये?"

"घर पे साहब. हमारे घर की औरतें बनाती हैं," काकाजी म्हणाले.

साहेब माझ्याकडं वळला. मी कोपऱ्यात बसून पाकिटांना लेबलं चिकटवत होते.

"आप बनाती हैं?"

"नहीं साहब. मैं सिर्फ पैकिंग करती हूँ."

तेवढ्यात आई आली. डोक्यावर डबा. मिरचीनं बोटं लाल. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला आणि साहेबाला पाहून तशीच थांबली.

"और ये कौन है?"

काकाजींनी फक्त माझ्याकडं पाहिलं. बोलले ती मी. कोणी माझा हात पिरगाळला नव्हता.

"झाड़ू लगानेवाली है साहब."

आईला हिंदी चांगलं कळतं. तिनं डबा दाराबाहेर ठेवला. कोपऱ्यात खराटा उभा होता तो घेतला. आणि दुकान झाडायला लागली. वाकून, हळूहळू, साहेबाचे बूट चुकवत. मी बोललेलं खोटं तिनं तिथल्या तिथं खरं करून दिलं.

साहेब धुळीपासून मागं सरकला आणि ते वाक्य बोलला. काकाजी हसून म्हणाले, "जी साहब, बस झाड़ू के लिए अंदर आने देते हैं."

मी पुढचं लेबल उचललं आणि चिकटवलं. हेही मी केलं. लपवणार नाही.

आई आयुष्यभर संत्र्याच्या बागेत आणि कापसाच्या शेतात मजुरीला गेली. दुपारच्या सुट्टीत बांधावर भाकरी सुटायची. तिच्या फडक्यातल्या जवसाच्या चटणीचा वास सुटला की बागवाल्यांच्या घरच्या बाया दुसऱ्या झाडाखालून हाक मारायच्या, "पंचफुला, दे वं थोडी. पानावर टाक, वरून." आई वरून टाकायची. त्या मिटक्या मारत खायच्या. चव साऱ्या शिवाराला माहीत होती. हात मात्र कोणाला नको होता.

मी बीए झाले. नोकरी लागली नाही. नवरा लोधीखेड्याकडं कंपनीत कंत्राटी कामावर, आज आहे तर उद्या नाही. मीच आईला म्हटलं, चटणी विकू. सुरुवातीला कागदाच्या पुड्या बांधून आठवडी बाजारात विकली. सुटी. कोणी नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. धंदा वाढला तसं कोणीतरी म्हणालं, असं चालत नाही, पाकीट पाहिजे, नंबर पाहिजे.

मी नियम वाचून काढला. शिकलेली आहे ना. पाकिटावर वजन पाहिजे, तारीख पाहिजे, सरकारनं दिलेला नंबर पाहिजे. आणि बनवणाऱ्याचं पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. मला तर आनंद झाला होता. हौसेनं लेबल बनवून घेतलं. आईचं नाव टाकलं, खाली पत्ता, बुद्धविहाराच्या मागे, सौसर. नमुना घेऊन काकाजींकडं गेले, कारण जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणारी गाड्याघोड्यांची गर्दी त्यांच्या दुकानाशी थांबते.

काकाजींनी चष्मा लावून लेबल वाचलं. आवाज अगदी मायेचा.

"बाई, चटणी एक नंबर आहे. पण हा पत्ता वाचून भक्त मानूस पाकीट खाली ठेवन. मी नाई मानत असं काई. गिऱ्हाईक मानते, त्याले काय करू?"

त्यांनी नमुना परत माझ्या हातात ठेवला.

"अन तुह्या मामाकडं, सावनेरले माल पाठवतो म्हणते ना तू? ते महाराष्ट्र आहे. दुसरं राज्य. तिथं एक थैली जरी इकाची तरी टॅक्सचा नंबर लागते. रिटर्न भरा लागते, माल गेला नाई तरी भरा लागते. तू चटणी कुटशील का कागद भरशील? माह्याकडं सारे नंबर आहेत. माह्या नावानं जाऊ दे."

आमच्याकडं अर्धी सोयरीक सावनेर-नरखेडकडची. लग्न, बारसं, मयत, सगळं तिकडं. मामाच्या गावाला जाताना कधी राज्य बदललं असं वाटलं नाही. पण चटणी गेली की बदलतं. मोठ्या दुकानदाराला या कागदांसाठी माणूस ठेवता येतो. आमच्यासारखा माणूस ज्याच्याकडं नंबर आहे त्याच्या दारात जाऊन बसतो. नियम सगळ्यांना सारखाच आहे, पण नाव सगळ्यांचं सारखं नाही, आणि काकाजींना हे माझ्या आधी कळलं होतं.

मी हो म्हटलं.

आता खरं सांगते. मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. लहानपणापासून तो पत्ता मी अंगावर वागवत होते. शाळेत सांगताना आवाज बारीक व्हायचा. आता चटणी त्या पत्त्याशिवाय जगात जाणार होती. काकाजींनी लेबलावर चित्र टाकलं, नथ घातलेल्या गोऱ्यापान आजीबाईचं. आई ते पाहून म्हणाली, "हे कोण वं?" मी म्हटलं, अशीच, शोभेची. आई हसली होती.

झाडूचा दिवस त्यानंतर वर्षभरानं आला.

त्या दिवशी घरी येताना मी आईच्या दोन पावलं मागं चालत होते. वाटलं, ती शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. विहाराजवळ आलो तेव्हा ती वळली.

"बरं केलं बाई तू. साहेबाले खरं सांगतलं असतं तं धंदा बसला असता."

एवढंच. मला वाटलं, तिनं थोबाडीत मारली असती तर मी वाचले असते.

दुसऱ्या दिवसापासून आईनं दुकानाची पायरी चढणं बंद केलं. डबा खालीच ठेवायची आणि मला हाक मारायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं. मी साहेबाला जे सांगितलं होतं त्याप्रमाणे ती वागत होती. आणि मी रोज पायरी उतरून डबा उचलत होते, वर नेत होते, पाकिटं भरत होते. दोन महिने. मेळाव्यात बाबासाहेबांवर भाषण करणारी मी. दोन महिने तोंड शिवलेलं.

मग काकाजींनी नवं लेबल छापून आणलं. नागपूरच्या एका दुकानाची मागणी होती म्हणे. नथवाली आजीबाई तशीच. तिच्याखाली नव्या लाल अक्षरात, 'सोवळ्यात तयार केलेली अस्सल घरगुती चटणी'. त्या चटणीत मूठमूठ लसूण असतो. सोवळ्यात लसूण! हसू यायला पाहिजे होतं. मी लेबलांचा गठ्ठा घरी आणला आणि चिकटवायला बसले.

आई शेजारी जवस भाजत होती. तिला वाचता येत नाही. बँकेत सही लागते म्हणून नाव तेवढं गिरवायला शिकली आहे. तिनं एक पाकीट उचललं. लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. मग खालच्या बारीक अक्षरांवरून. एकदा. पुन्हा एकदा, सावकाश. तिला साऱ्या जगात ओळखता येणारी ती चार अक्षरं तिथं कुठंच नव्हती.

"काय लिवलं हाय वं?"

"तारीख आहे. वजन आहे."

तिनं पाकीट ठेवून दिलं आणि कढईकडं वळली. जवस तडतडत होते. माझ्या हातात लेबल होतं, मागचा चिकट कागद निघालेला. माझ्या आईला सोवळ्यातून बाहेर काढणारं वाक्य मी माझ्याच हातानं तिच्या चटणीवर चिकटवत होते आणि तिलाच ते वाचून दाखवायची लाज वाटत होती. काकाजींनी पत्ता पुसला असेल. आईला पुसणारी मी होते.

मी गठ्ठा उचलला. तशीच दुकानात गेले. शनिवार होता, जामसांवलीच्या गाड्या उभ्या होत्या, काउंटरला गिऱ्हाईक चिकटलेलं.

"काकाजी, हे लेबल मी चिटकवत नाई."

"काय झालं? अक्षर चुकलं का?"

"अक्षर बरोबर आहे. चटणी माही माय बनवते. बुद्धविहाराच्या मागं. तुम्हाले माहीत आहे, मले माहीत आहे. आता या गिऱ्हाइकायलेबी माहीत झालं."

गिऱ्हाइकांपैकी एका बाईनं हातातलं पाकीट खाली ठेवलं. मी पाहिलं. काकाजींनीही पाहिलं. त्यांचा मायेचा आवाज गेला.

"पाह्यलं ना? आता इकून दाखव तुह्या पत्त्यावर. कागदं करता करता मरशील."

कागद करतेच आहे. जिल्हा आता पांढुर्णा झाला, तिकडं चकरा सुरू आहेत. पाण्याच्या तपासणीचा कागद, काट्यावर शिक्का, घराचा नकाशा, उखळ कुठं, चूल कुठं. सावनेरसाठी टॅक्सचा नंबर, तो मिळाला की रिटर्न मीच भरणार, चुकेल, दंड पडेल, पुन्हा भरेन. दोन दुकानांनी नमुन्याची पाकिटं परत केली. कारण कोणी सांगत नाही. म्हणतात, चालत नाही.

एक कागद डॉक्टरचा लागतो. आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं आईचे हात उलटेपालटे करून पाहिले, नखं पाहिली, डोळे पाहिले, आणि लिहून दिलं की ही बाई अन्न हाताळायला योग्य आहे. मी तो कागद बाहेरच्या बाकावर बसून वाचला. साठ वर्षांच्या बाईला अन्नाला हात लावायची लेखी परवानगी. आईला वाचून दाखवला, या वेळी खरा. ती म्हणाली, "बांधावरच्या बायांले दाखवाले पायजे होता." आणि पदरात गाठ मारून ठेवला. तो कागद घ्यावा लागला याचाच मला संताप आला. तो अजून गेलेला नाही.

मंगळवारी साहेब घर पाहायला येणार आहे. तोच. अर्जावर बनवणारी म्हणून आईचं पूर्ण नाव आहे, पूर्ण पत्ता आहे. तो आईला ओळखेल, मलाही ओळखेल.

काल आईनं विचारलं, "मी घरात राहू का बाहेर? तेनं मले झाडताना पाह्यलं हाय."

मी म्हटलं, "उखळापाशी बसायचं. उठायचं नाई."

आईनं मला माफ केलंय. तिची ती सवय आहे. मी स्वतःला माफ करणार नाही, कारण माफ केलं की ती दुपार मी विसरेन. साहेबाला काय सांगायचं ते मी ठरवलं आहे, आणि पहिलं वाक्य हेच असणार: "उस दिन मैंने झूठ बोला था साहब. ये मेरी माँ है. चटनी ये बनाती है." नंबर द्यायचा तर द्या, नाही तर नका देऊ. आईचं नाव लेबलावरून निघणार नाही, पत्ता बारीक अक्षरात जाणार नाही. आणि आमच्या घरातला झाडू त्या दिवशी मी मारेन, साहेबाच्या देखत.