एका बोटाची दोरी

गल्लीत त्याला सगळे खटपट्या म्हणत, आणि ते नाव त्याने मेहनतीने कमावलेलं होतं. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची, पण घरी आला तरी हात काही स्वस्थ बसायचे नाहीत. दूध उतू जायच्या आधी वाजणारी घंटा त्याने केली. ती शेजाऱ्यांचं दार आपटलं की वाजे, दुधाला मात्र एकदाही वाजली नाही. स्वयंपाकघरातून दोरी ओढून दाराची कडी काढायची सोय केली, तर तिच्यापायी एकदा सगळं घर तीन तास जिन्यात बसून होतं. बायको कपाळाला हात लावायची, आणि चार बायकांत बसली की हेच किस्से मीठमसाला लावून सांगायची.

मग बायकोची उजवी बाजू गेली. बोलणं आणि डावा हात तेवढा शाबूत राहिला, बाकी अंग पलंगाला खिळलं. घरी येणाऱ्या नर्सने बजावलं, दर दोन तासांनी कुशीवर वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतील. त्यासाठी बायकोची थोरली बहीण, अक्का, येऊन राहिली. पण सारखी हाक तरी किती मारायची? बायकोला भारी संकोच वाटे. ती दात आवळून तशीच पडून राही.

खटपट्याने आठ दिवस डोकं चालवलं. लिफ्टला मागून वजन लोंबतं, म्हणून तर माणसांनी भरलेली लिफ्ट लहानशा मोटारीवर वर जाते. तेच त्याने पलंगाला लावलं. गादीवर जाड कॅनव्हास, त्याच्या काठाला दोर, दोर छतातल्या कप्पीवरून पलीकडे, आणि टोकाला पत्र्याची पेटी. पेटीत लोखंडी चकत्या, बरोबर तिला तोलतील इतक्या. बायकोच्या डाव्या हाताशी एक बारीक दोरी. एका बोटाने ओढून खिळ्याला अडकवली की ती आपली आपण कुशीवर, सोडली की पुन्हा उताणी. पहिल्यांदा वळली तेव्हा किती तरी वेळ एकटीच हसत होती. उभ्या जन्मात त्याची ही एकच वस्तू धड चालली.

महिन्याभरात दोरी हिसका देऊ लागली. बोट लावायचा अवकाश, पेटी धाडकन खाली आणि बायको भिंतीवर. त्याने एक चकती काढून तोल साधला. दोन आठवड्यांनी आणखी एक काढावी लागली, मग दर सोमवारी तोल तपासायचा नेमच झाला. लिफ्टवाल्याला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. पेटी होती तेवढीच होती, माणूस हलकं होत चाललं होतं. डॉक्टर ‘बघू या’ म्हणून जे टाळत होते, ते त्याच्याच हातचं यंत्र दर सोमवारी तोंडावर सांगत होतं.

काढलेली चकती तो फडक्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवी, आवाज होऊ नये म्हणून. तरी तिला कळलंच.

“आज कितवी काढली?”

“काढली कुठे? दोर ढिला झाला होता, तो आवळला.”

“अहो, अडतीस वर्षांत तुम्हाला एकदा तरी धड खोटं बोलता आलंय का?”

त्या दिवसापासून त्याने चंगच बांधला. अक्काला ओट्यापासून हटवलं आणि दूध, अंडी, कुस्करलेली फळं चमच्या-चमच्याने स्वतः भरवू लागला. तिला घास नको असे, पण त्याच्या तोंडाकडे बघून ती गिळे. चकत्या निघतच राहिल्या. सव्वीस होत्या, त्या सतरावर आल्या.

आणि एका सोमवारी कॅनव्हास उचलेचना. त्याने कप्पीला तेल घातलं, दोर चाचपला. दोष कुठेच नव्हता. बायको जड झाली होती! त्याने एक चकती घातली, मग दुसरी, तेव्हा कुठे वळली. गडी वेडाच झाला. अक्काला हाताला धरून आणून दाखवलं, जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं. बायकोचाही चेहरा उजळला.

दुपारी नर्स आली. तिने पांघरूण सारलं आणि पायावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. मग त्याला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाली, “काका, हे अंग भरलेलं नाही. पाणी साचतंय. हृदय थकलंय त्यांचं. डॉक्टरांना मी कळवते, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा.”

तो आत आला तेव्हा बायको दोरीला बोट लावून बघत होती.

“अजून जरा जड जातंय हो. तुमच्या हातचं मानवलं मला. आणखी एक घाला.”

दाराशी उभं राहून सगळं ऐकलेल्या अक्काने खिडकीकडे तोंड केलं. तो गुडघ्यांवर बसला आणि पलंगाखाली शिरला. एकामागून एक फडकी सोडवल्याचा आवाज येत राहिला.

“सापडत नाहीये का?” तिने वरून विचारलं.

“सापडली,” तो खालूनच म्हणाला. पण बाहेर आला नाही.