लग्नाच्या लॉनवर लॉन बोल्स: अकोला आणि चिखलदरा, दोन दिवसांत

आमच्या वऱ्हाडात 'लॉन' म्हणजे लग्नाची जागा. त्यामुळे अकोल्यातल्या एका लॉनवाल्याला फोन करून मी म्हटलं, "शनिवारी सकाळी लॉन बोल्ससाठी जागा पाहिजे," तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुमी मुलीकडचे का मुलाकडचे?" आणि दुसरा, "बाउल किती लागतील? आपल्याकडे स्टीलचे पाचशे हायेत."

मी अमरावतीच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि गेली तीन वर्षं आमच्या विभागीय लॉन बोल्स संघटनेची सचिव आहे. संघटनेत एक अध्यक्ष, सात उपाध्यक्ष आणि पाच खेळाडू आहेत. खेळ सोपा आहे. हिरवळीवर जॅक नावाचा छोटा पांढरा चेंडू सोडायचा आणि आपला दीड किलोचा गोळा घरंगळवत त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. गोळा मुद्दाम एका बाजूला कलता बनवलेला असतो, त्यामुळे सरळ जात नाही, वळतो. आमचे अध्यक्ष प्रत्येक भाषणात म्हणतात, "हा सरळ माणसांचा खेळ आहे." तिथे वस्तुस्थितीची थोडी गफलत होते.

वऱ्हाडात या खेळाचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्चमध्ये गवतासोबत वाळून जातो. नेमकी हीच लगीनसराई. त्यामुळे आमच्या सीझनमध्ये सर्वसाधारण सभा होते, टी-शर्ट वाटप होतं, टी-शर्ट वाटपाचा फोटो होतो, उपाध्यक्षांचे वाढदिवस होतात, आणि एखादं लॉन रिकामं सापडलं तर खेळही होतो.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी राज्य संघटनेचं पत्र आलं. स्पर्धेसाठी विभागातून एक महिला खेळाडू पाठवा, गवतावर चाचणी घेऊन, चार दिवसांत. पत्र आलं त्याच दिवशी अध्यक्षांचा अकोल्याहून फोन. आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतो. त्यांच्याकडे चार संघटनांची अध्यक्षपदं आहेत, त्यात आमची सगळ्यात कमी आवाज करणारी.

"मॅडम, यादी टाईप करून आनजा. पल्लवीचं नाव टाका."

पल्लवी म्हणजे त्यांची सून.

"भाऊसाहेब, चाचणी घ्यायची आहे ना?"

"घ्या ना! चाचणीले कोण नाई म्हनते? पन यादी आनजा."

मी यादी टाईप केली. हे मी लपवत नाही. पल्लवीचं नाव माझ्याच हाताने टाकलं आणि प्रिंट काढून पर्समध्ये घातली.

शनिवार: अमरावती ते अकोला

सकाळी आठला बसस्थानकावर सिंधूताई भेटल्या. त्या तिवस्याला नर्स आहेत, वय बेचाळीस. आमच्याकडे त्या खेळायला आल्याच नव्हत्या. संघटनेच्या पहिल्या शिबिरात प्रथमोपचार पेटी घेऊन त्यांना बसवलं होतं. या खेळात कोणाला काय लागणार? दुपारपर्यंत एकही जखमी आला नाही, म्हणून कंटाळून त्यांनी एक गोळा उचलून टाकला. तो जाऊन जॅकला टेकला. सगळ्यांना वाटलं, योगायोग. त्यांनी दुसरा टाकला. तोही टेकला. तेव्हापासून त्या तिवस्याच्या शाळेच्या पटांगणावर पाणी मारून सराव करतात.

प्रवासाला निघायच्या आधी अमरावतीत गिला वडा खा. दह्यात बुडालेला, वरून चटणी. पोटाला जड नाही आणि अकोल्यापर्यंत भूक लागत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. चारपदरी रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की अडीच तास लागतात हे खरं वाटत नाही. खिडकीतून हरभऱ्याची शेतं, मध्येच संत्र्याची गाडी.

आमच्याकडे आठ गोळ्यांची बॅग होती. कंडक्टरने ती उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिली.

"यात काय हाय?"

"गोळे आहेत. खेळायचे."

"लगेज लागन."

बडनेऱ्याच्या पुढे ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि बॅगेच्या फाटक्या चेनमधून एक गोळा निसटला. सरळ पुढे जायचं सोडून तो सवयीप्रमाणे वळला आणि पागोटेवाल्या आजोबांच्या पायाशी जाऊन थांबला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

"बाई, हा वरवंटा कोन्या कामाचा? गोल हाय, यानं वाटन कसं होईन?"

सिंधूताईंनी त्यांना अख्खा खेळ समजावला. मूर्तिजापूर येईपर्यंत आजोबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे जवळ जायाचं, पन धक्का मारून नाई."

"हौ बाबाजी. तसंच."

तीन वर्षांत आमच्या एकाही उपाध्यक्षाला हे इतकं नीट कळलेलं नाही.

आजोबा उतरल्यावर सिंधूताई म्हणाल्या, "मॅडम, मी ड्युट्या बदलून आली. तीन सिस्टरच्या रात्रपाळ्या माह्या अंगावर हायेत आता. पन खरं सांगू? मी कोनाची माय, कोनाची बायको, कोनाची सिस्टर. हे एक पयल्यांदा माह्या नावानं होऊन राहिलं."

माझ्या पर्समध्ये ती यादी होती. मी खिडकीबाहेर पाहिलं.

लॉन अकोल्याच्या अलीकडे, हायवेलाच आहे. फाटकावर फुलांची कमान आणि 'शुभविवाह'ची पाटी. संध्याकाळचं लग्न होतं आणि आम्हाला एक वाजेपर्यंतची वेळ मिळाली होती. गवताच्या अर्ध्या भागावर हिरवा गालिचा आधीच अंथरला होता. मॅनेजर अभिमानाने म्हणाला, "गवत खराब होते म्हनून गवतावर गवताचा गालिचा टाकतो आमी."

साडेदहाला सुरू होणारी चाचणी बारा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. मधल्या वेळात स्टेजवर, वधूवरांच्या खुर्च्यांत बसून, भाऊसाहेब आणि हजर असलेले चार उपाध्यक्ष यांचे सत्कार झाले. खेळाडूंना बसायला जागा नव्हती, कारण खुर्च्यांना कव्हरं चढवत होते. भाऊसाहेब म्हणाले, "हा खेळ आपण खेड्यापाड्यांत, घराघरांत नेला पाहिजे." खेड्यातून आलेल्या सिंधूताई मंडपाच्या खांबाच्या सावलीत उभ्या होत्या आणि सावली सरकेल तशा सरकत होत्या.

आमच्या महिला खेळाडू एकूण तीन. त्यातल्या एकीच्या नणंदेचं त्याच दिवशी लग्न होतं, त्यामुळे राहिल्या सिंधूताई आणि पल्लवी. पल्लवी सत्तावीस वर्षांची, इंजिनिअर. तिच्याशी मी त्याआधी 'नमस्कार' आणि 'टी-शर्टची साईज काय' यापलीकडे बोललेच नव्हते. तिलाही नाव यादीत आहे हे माहीत असणार, असं मी धरून चालले होते.

तीन डावांची चाचणी. पहिला सिंधूताईंनी जिंकला, दुसरा पल्लवीने. ऊन असं की गोळा हातात धरवत नव्हता. पल्लवी प्रत्येक वेळी सिंधूताईंचा गोळा ओल्या रुमालाने पुसून त्यांच्या हातात देत होती. तिसरा डाव सुरू होणार तोच डेकोरेशनवाल्याने बरोब्बर मधोमध लोखंडी खुंटी ठोकली.

"अहो, आमचा खेळ सुरू आहे!"

"मॅडम, माहा पन." आणि त्याने दुसरी ठोकली.

मग डीजेवाल्याने आवाज तपासला, आणि चाचणी बरोबरीत थांबली. वधूच्या काकांनी मात्र कोणालाही उपाशी जाऊ दिलं नाही. लग्नाच्या पंगतीच्या आधीची घरच्यांची पंगत आम्हाला मिळाली. आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी. अकोल्याला गेलात आणि लग्नाचं आमंत्रण नसेल तर लॉनवर कुठलाही खेळ घेऊन जा, जेवण मिळतं.

जेवताना भाऊसाहेबांनी तोडगा काढला. "उद्या चिखलदऱ्याले चला. आपल्या उपाध्यक्षांचं रिसॉर्ट हाय. थंड हवा, हिरवं गवत." ते रविवारी तसेही तिकडे सहकुटुंब सुट्टीला चालले होते, हे नंतर कळलं.

रविवार: चिखलदरा

शनिवारी संध्याकाळच्या बसने अमरावतीला परतलो होतो. सिंधूताई माझ्याकडेच मुक्कामाला राहिल्या. रविवारी सकाळी सहाच्या बसने परतवाडा, तिथून पुढे जीप. परतवाड्यापर्यंत सपाट, मग घाट सुरू होतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसा. सागाची पानं गळलेली असतात फेब्रुवारीत, त्यामुळे दऱ्या उघड्या दिसतात. वर पोचलं की स्वेटर लागतो आणि दहा वाजता काढावा लागतो. गवळ्यांकडची रबडी घ्या. इथे पिकलेली कॉफी मिळते, तीही चांगली. भीमकुंड बघा. कीचकाला मारून भीमाने तिथे हात धुतले म्हणतात. आमचे उपाध्यक्ष स्वतःच्या रिसॉर्टमधल्या प्रत्येक नळाबद्दलही तसंच काहीतरी सांगतात.

रिसॉर्टचं गवत खरंच सुंदर होतं. फक्त ते उतारावर होतं. पहिला सरावाचा गोळा टाकला तो जॅकला ओलांडून, कारंज्याला वळसा घालून, दरीकडच्या कुंपणाला जाऊन भिडला.

"नैसर्गिक मैदान हाय," उपाध्यक्ष म्हणाले. पंचही तेच होते.

शेवटचा डाव. दोघींचे चार-चार गोळे. उताराला कसं खेळायचं हे पल्लवीला पटकन कळलं, तिने चढाच्या बाजूने गोळा सोडून खाली वळू दिला. तिचा तिसरा जॅकच्या अगदी शेजारी थांबला. भाऊसाहेबांनी टाळी वाजवली. सिंधूताईंचा एकच राहिला होता. त्या वाकल्या, गवतावर तळहात टेकवून पाहिलं, जसा पेशंटच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि गोळा सोडला. इतका हळू की मध्येच मरेल असं वाटलं. तो वळत वळत आला आणि जॅकच्या दुसऱ्या बाजूला थांबला. पल्लवीने तिचा शेवटचा टाकला, तो निघून गेला कुंपणाकडे.

दोन गोळे, मध्ये जॅक. उभ्याने सांगणं अशक्य होतं. पंचांनी उभ्यानेच सांगितलं, "पल्लवी विजयी."

टाळ्या. माझ्याकडे टेप होती. मोजणं हे सचिवाचंच काम होतं. मी हललेही नाही. सिंधूताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग रुमाल काढून त्या गोळे पुसायला लागल्या. तीन रात्रपाळ्या अंगावर घेतलेली बाई.

"मॅडम, टेप द्या न," पल्लवी म्हणाली.

"अवं, निकाल झाला," भाऊसाहेब म्हणाले. "पंचाचा निर्णय अंतिम असते."

"मामाजी, पंच उभे होते. मी मोजून पाहते."

ती गवतावर गुडघे टेकून बसली. आधी तिचा गोळा मोजला, मग सिंधूताईंचा. मग पुन्हा दोन्ही. कुंपणापलीकडून एक पर्यटक ओरडला, "फोटो काढू का?"

"ताईंचा जवळ हाय," पल्लवी म्हणाली. "दोन बोटांनी."

"दोन बोटांनं काय होते?" भाऊसाहेब.

"या खेळात तेवढ्यानंच होते, मामाजी. तुमी भाषणात सांगता न, सरळ मानसांचा खेळ. मंग मी वाकडं नाव घेऊन काहून जाऊ?"

भाऊसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं भाषण ऐकलेलं भेटलं होतं. ते दरीकडे वळले. मग म्हणाले, "चाला, नाश्ता करा."

मी पर्समधून यादी काढून टेबलावर ठेवली. पल्लवीचं नाव खोडून सिंधूताईंचं लिहिलं. आधीपासून टाईप केलेलं स्वतःचं नाव पल्लवीने पाहिलं आणि माझ्याकडेही पाहिलं. "तुमी मले आधी विचारायचं होतं," एवढंच म्हणाली. ती मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं.

उतरताना जीपमध्ये मी सिंधूताईंना सगळं सांगितलं. परतवाड्याला चहा घेताना त्या म्हणाल्या, "मले माहीत होतं मॅडम. असं असतेच. तरी आली मी."

घरी

सिंधूताई राज्य स्पर्धेला गेल्या. पहिला सामना हरल्या, पुढचे दोन जिंकल्या, चौथ्यात बाहेर पडल्या. सोबतीला पल्लवी स्वतःच्या खर्चाने गेली होती. पुढच्याच सभेत एकमताने मला सचिवपदावरून काढून 'मार्गदर्शक' करण्यात आलं. मार्गदर्शकाला पत्र येत नाही, फोन येत नाही, शिक्का तर नाहीच.

मग एका रविवारी सकाळी मोकळी होते म्हणून नागपूर रोडची बस धरून तिवस्याला गेले. पटांगणावर सिंधूताई पाणी मारत होत्या. माझ्या हातात त्यांनी गोळा दिला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन वर्षं ही संघटना चालवून मी एकदाही खेळले नव्हते.

"वाका मॅडम. अजून वाका. तुमाले वाकाची सवय नाई."

"आहे हो सिंधूताई," मी म्हटलं. "चांगली आहे. फक्त खेळासाठी वाकले नव्हते."

त्या हसल्या नाहीत. माझा खांदा धरून त्यांनी मला हवं तेवढं खाली आणलं आणि म्हणाल्या, "आता सोडा."

आता दर रविवारी जाते. अमरावतीहून तासाभराचा रस्ता आहे, बायकांना अर्धं तिकीट, स्टँडवर चहा बरा मिळतो. तुम्हीही या. संघटनेचं नाव सांगाल तर कोणी पत्ता सांगणार नाही. 'गोळेवाल्या सिस्टर कुठं खेळतात' असं विचारा, रिक्षावाला थेट पटांगणावर सोडेल.