राहुकाळ आणि दुसरी सीडी

राहुकाळाला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण संगणकालाही राहुकाळ पाळायला लावणारा माणूस कुंभकोणमने एकच जन्माला घातला, आणि तो माझ्या मावशीच्या वाट्याला आला. रोजचा तो अशुभ दीड तास काका नवं म्हणून काही सुरू करत नसत. जेवता जेवता राहुकाळ लागला, तर सांबारभातावरून रसमभातावर जाणं हा नवा आरंभ धरायचा की जुनंच चालू आहे असं समजायचं, याचा ते हात वर धरून विचार करत, आणि तोवर रसम केळीच्या पानावरून खाली ओघळे. एकदा स्वामीमलैच्या बसमध्ये चढताना, एक पाय पायरीवर असतानाच त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. ते उतरले. कंडक्टर तमिळमध्ये काय बोलला ते मावशीने आम्हांला कधीच सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मुलाने बंगळूरहून एक वापरलेला लॅपटॉप पाठवला, लिनक्स घालून. बॅटरी मेलेली; वायर भिंतीत असेल तोवरच चालायचा. काकांनी त्यावर एकच काम काढलं, मावशीची गाणी टाइप करणं. आमची तंजावरकडची जुनी मराठी घरं. पाळणे, हळदीची गाणी मावशीला आईकडून पाठ होती, पण कागदावर एक ओळ नव्हती, आणि अलीकडे तिला मधल्या ओळी आठवेनाशा झाल्या होत्या. रोज सकाळी ती भाजी चिरत गाई आणि काका एका बोटाने इंग्रजी अक्षरांत ते उतरवत. "एक कॉपी काढून ठेवा," असं मी कितीदा म्हणालो. उत्तर ठरलेलं: "गाभाऱ्यांत मूर्ती एकच असती रे!"

मी सुट्टीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. शुक्रवार होता, म्हणजे राहुकाळ साडेदहा ते बारा. मुलाने पाठवलेल्या दोन सीडींवरून लिनक्सचं अपडेट त्याआधी सुरू करायचं होतं. शेवटचा पाळणा चालला होता. "थांबा हो, एक ओळ राहिली. आतां आठवतें," मावशी म्हणाली.

"दहा वाजले! अपडेट आतांच आरंभ करायचं. ओळ मग सांग."

पहिली सीडी सुमुहूर्तावर आत गेली. दहा बत्तीसला यंत्राने दुसरी मागितली. काका हाताची घडी घालून बसले.

"काका, अपडेट अर्धवट आहे. घाला ना!"

"दुसरी सीडी म्हणजे दुसरं कार्य. बारानंतर."

सव्वाअकराला वीज गेली. वीस मिनिटांनी आली, तेव्हा पडद्यावर फक्त 'एल' आणि 'आय' ही दोन अक्षरं उमटली आणि यंत्र तिथेच थांबलं. स्वतःचं नावसुद्धा त्याला पुरतं सांगता येईना. मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "माझीं गाणीं गेलीं का हो?" काका नुसती बटणं दाबत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

यंत्र असं अडलं तर ते उठवायला मुलाने आणीबाणीची एक फ्लॉपी दिली होती, ती मी मागितली. ती देवघरात होती. दसऱ्याच्या आयुधपूजेला तिला गंध आणि कुंकू लागलं होतं. धोतराच्या सोग्याने पुसत काकांनी ती आणून दिली. "राहुकाळ संपायला अजून वीस मिनिटं आहेत," मी मुद्दाम म्हणालो.

"घाल रे! दुखणेकऱ्याला औषध देतांना कोण राहुकाळ बघतं?"

फ्लॉपीवरून यंत्र उठलं. डिस्क तपासताना दर बिघाडाला 'दुरुस्त करू का?' विचारी, आणि काका माझ्या खांद्यावरून "होय म्हण, होय म्हण" करत. मग दुसरी सीडी घालून राहिलेलं अपडेट पुरं केलं. एक वाजता लिनक्स स्वतःच्या पायावर उभं राहिलं. सगळी गाणी जागच्या जागी होती. काकांनी त्याच बैठकीला त्यांची फ्लॉपीवर कॉपी काढवून घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'उत्सवमूर्ती', म्हणजे गाभाऱ्यातली जागीच राहते आणि मिरवणुकीला बाहेर निघते ती दुसरी मूर्ती.

"आतां ती ओळ सांग," ते मावशीला म्हणाले.

मावशीने डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले. "सकाळीं ओठांवर होती हो. उद्यां सांगतें."

ती ओळ तिला पुन्हा आठवली नाही. काकांनी जागा मात्र रिकामी ठेवली, आणि रोज सकाळी घड्याळ न बघता ते तिला विचारत राहिले.

आता दोघंही नाहीत. गाणी माझ्याकडे आहेत. पाळण्याची शेवटची ओळ ती काय, चार शब्द जुळवायला कितीसा वेळ लागणार? मी राहुकाळ मानत नाही. तरी जुळवायला बसलो की घड्याळाकडे बघतो, आणि आत्ता वेळ बरी नाही म्हणून उठतो.