एकोणीस फुटांचा पूर

आत्याने बत्तीस वर्षं वाचनालयात काढली, पण एवढं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. सकाळी सातलाच फोन. "आधी ये, मग बोलू." धावत गेले, तर बाई संगणकासमोर ताठ बसलेली आणि चहा तसाच गार.

नोकरी नवी असताना नदीच्या पुराची जुनी वही तिने नव्या वहीत उतरवली होती. एका वर्षाच्या आकड्यातला पहिला अंक वाळवीने खाल्लेला, पुढचा नऊ तेवढा शाबूत. मुख्य ग्रंथपाल म्हणजे जमदग्नीचा अवतार. "एकही रकाना रिकामा दिसता कामा नये!" बाकी सगळे पूर वीस फुटांच्या आतले, म्हणून आत्याने १९ लिहिलं आणि विसरून गेली.

"मग? आता ते काय उकरून काढतेस? कोण वाचतंय तुझी वही!"

"जग वाचतंय, बये!" ती कडाडली. "वाचनालयाने नेटवर टाकलीये, कुणीही उतरवून घ्यावी अशी. काल एका संशोधक बाईंचा मेल आला. जुनी वर्तमानपत्रं शोधताना त्यांना त्याच पुराची बातमी सापडली. पाणी एकोणतीस फूट चढलं होतं."

"अगं बाई! मग कळव ना."

"रात्रीच कळवलं, चूक माझी म्हणून. फाइल दुरुस्तही झाली. पण आधी ज्यांनी नेली त्यांचं काय? पुस्तक नेलं की कार्डावर नाव असायचं. परत नाही आलं तर मी दारात जाऊन उभी राहायचे. ही कुणी नेली, कशाला नेली, कसला पत्ताच नाही गं!"

पहाटेपासून ती तोच आकडा नेटवर शोधत होती. एका प्रबंधात सापडला, एका नकाशात सापडला. मग ती माझ्याकडे वळली. "तुमची इमारत नदीकाठची. घर घेताना माहितीपत्रक दिलं होतं ना? बघ जरा."

घरी येऊन मी कपाटातले कागद उपसले. माझी लेक खिडकीखाली पालथी पडून चित्र काढत होती. पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं : 'शंभर वर्षांतला सर्वात मोठा पूर १९ फूट. आमचा तळमजला २१ फुटांवर. निर्धास्त राहा.' आम्ही तळमजल्यावरच राहतो.

"आत्या, एकवीस," मी फोनवर एवढंच म्हणाले.

तिने लगेच सांगितलं, "रात्री पोरीला माझ्याकडे आणून सोड. आणि तळमजल्यावर घरं किती आहेत?"

"बारा."

तासाभराने आत्याच आमच्या दारात हजर. खांद्याला वाचनालयातली जुनी पिशवी, आत वर्तमानपत्राच्या त्या बातमीच्या बारा प्रती.

"मी काय सांगू गं त्यांना?" तिने विचारलं. शेजारची बेल तिनेच दाबली. आणि दार उघडायच्या आत पिशवीतून पहिली प्रत बाहेर काढली.