रंग शेवटी विचारणारे नाना

नाना डोळे मिटायचे तेव्हा धुळ्याच्या बैलबाजारात त्यांच्याभोवतीची माणसं विडी ओढायची थांबायची. समोर कोणीतरी उकिडवं बसलेलं असायचं, ज्याच्या जोडीतला एक बैल मेला असं. पेरणी तोंडावर, आणि एका बैलानं तिफण चालत नाही. नाना दलाल. खानदेशातले बैल त्यांच्या डोक्यात बांधलेले होते. कोणत्या गावी, कोणाच्या दावणीला, कसा चालतो, सगळं.

विचारायची त्यांची रीत होती. माणूस आधी रंग सांगायला लागला की ते चिडायचे. "रंगवर तिफण चालस का रे? पहिले बाजू सांग!" बाजू म्हणजे जुवाला डावीकडे चालणारा की उजवीकडे. बाजू कळली की डोक्यातले अर्धे बैल गळाले. मग दात, म्हणजे वय. आता मूठभर उरले. मग मारका आहे का, पाण्याला बुजतो का. रंग सगळ्यात शेवटी. आमच्याकडे बहुतेक बैल पांढरेच, रंगानं काय गळणार?

माझा डावा बैल साप चावून मेला. मी आणि बायको यावलकडून धुळ्याला गेलो. आभाळ भरून येत होतं. नाना एकेक विचारत तीन बैलांवर आले. तेवढ्यात बायको मागून म्हणाली, "नाना, मालकानं मारून मारून चालवलेला नको. आमचा उरलेला भित्रा आहे. त्याला बघून अजून भिईल."

मी तिला गप्प करणार, तर नानांनी डोळे उघडले. "हाई कोनी इचारत नही, अक्का." मग पुन्हा मिटले. दोन गळाले. उरला तो पाचोऱ्याजवळचा. त्याच आठवड्यात पेरणी झाली. तेव्हापासून नाना आमच्या भागात आले की आमच्याकडेच उतरायचे.

पुढं बायको काविळीनं गेली. दहाव्याला नाना धुळ्याहून एस.टी.नं आले. पाणी प्यायच्या आत माझ्या थोरल्या भावानं, आबांनी, विषय काढला. "नाना, याच्यासाठी कोणी आहे का ध्यानात? घर उघडं पडलं."

मला दुसरी बाई नको होती. पण आबांचा शब्द मी कधी मोडला नव्हता, आणि नानांनी डोळे मिटून शोधलं अन् सापडलं नाही, असं मी पाहिलं नव्हतं. ते एक नाव बोलले असते तर दिवाळीच्या आत माझं लग्न लागलं असतं.

नानांनी डोळे मिटले. "सांगा."

"विधवा चालेल. तिशीतली. मागं पोर नको. शेतात राबणारी."

नाना एकेक बोट मिटत होते. मिटायची थांबली तेव्हा कळलं, कोणीतरी उरलंय. डोळे न उघडताच ते म्हणाले, "आते तू सांग रे. तुले कशी पाहिजे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा डावा बैल पुरताना तिनं माझ्या हातातली कुदळ ओढून घेतलेली पाहिजे. म्हटलेलं पाहिजे, तू बस, मी खणते."

"गाढवा, ही काय अट झाली?" आबा ओरडले. "नाना, तुम्ही ती सोडून बघा."

नानांनी उरलेली बोटंही मिटली. मग डोळे उघडून आबांकडे बघत म्हणाले, "नही. अशी कोनी नही."

आबा उठून गेले. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही मनात म्हणालो, नका बोलू.

नंतर नाना फार जगले नाहीत. त्यांच्या दहाव्याला मी धुळ्याला गेलो. माणसं उठल्यावर त्यांची म्हातारी बायको माझ्याजवळ येऊन बसली.

"तू जेवस का रे बराबर?"

"नाही," मी म्हणालो.

"मी बी नही."

मग ती आत गेली, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा घेऊन आली. ताटली दोघांच्या मध्ये ठेवली. अर्धी भाकर तिनं खाल्ली, अर्धी मी.