वावळाची चकती

आज नौपाड्यातल्या माझ्या खिडकीत वावळाची एक चकती उडत येऊन पडली. कागदासारखी पातळ, मधोमध बी. हातात घेतली आणि शीळफाट्याजवळची ती म्हातारी आठवली.

कॉलेजात असताना मी रस्ता रुंदीकरणासाठी झाडं मोजायला गेलेले. वावळ ओळखायचा तो पान चुरगळून, त्याच्या उग्र वासावरून, एवढंच आम्हाला शिकवलेलं. म्हातारीच्या दारातल्या झाडावर एक पान नव्हतं. नखाने साल खरवडून आत हिरवं आहे का बघायचंही मला सुचलं नाही. ऊन चढत होतं. वाळलेली झाडं आधी तोडणार हे ठाऊक असूनही मी यादीत ‘वाळलेलं’ लिहिलं.

“मेला नाय गो तो,” म्हातारी म्हणाली. “दरवर्षी असाच उघडा होतो. म्हयनाभर थांब.”

“हो आजी,” म्हणत मी पुढच्या झाडाकडे वळले.

महिन्याभराने तिथूनच रिक्षाने जात होते. झाड आडवं पडलेलं, आणि फांदीफांदीवर हिरव्यागार चकत्यांचे घोस लगडलेले. म्हातारी वाकून त्या ओच्यात गोळा करत होती.

तिने मला ओळखलंही नसतं. तरी मी रिक्षा थांबवली नाही.